दारूच्या महसुलातला ठरावीक हिस्सा व्यसनमुक्तीसाठी कायद्याने बांधून द्यावा का?

घाटमाथा (धागाकर्ता)

जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने भारतीय बनावटीच्या विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितिखर्चाच्या तिपटीवरून साडेचार पटींवर नेलं. वर्षाला सुमारे १४,००० कोटी रुपये जादा येतील असं तेव्हा सांगितलं गेलं. उत्पादन शुल्क विभागाला १,२२३ नवी पदंही मिळाली. ती बातमी मी दोनदा वाचली. व्यसन लागूच नये आणि लागलेलं सुटावं यासाठी या पैशातला किती वाटा बाजूला काढला, एवढंच मला बघायचं होतं. त्याबद्दल एक ओळही सापडली नाही.

आज आपल्याकडे परवाना देणं आणि कर घेणं उत्पादन शुल्क विभागाकडे, व्यसनमुक्तीचा प्रचार सामाजिक न्याय विभागाकडे, उपचार सार्वजनिक आरोग्याकडे, गुटखा अन्न व औषध प्रशासनाकडे, आणि गांजा-एमडीसारखे अमली पदार्थ पोलिसांकडे. २०११ चं राज्य व्यसनमुक्ती धोरण आहे, पण त्याच्यामागे एखाद्या कराचा बांधलेला हिस्सा नाही. पैसा ज्या खात्यात जमतो त्या खात्याचं हे काम नाही, आणि ज्यांचं काम आहे ते दरवर्षी मागणारे.

थायलंडने २००१ मध्ये दारू आणि तंबाखूच्या उत्पादन शुल्कावर २ टक्के अधिभार लावला आणि तो थेट स्वतंत्र आरोग्यनिधीला दिला. आपल्यालाही हे परकं नाही. रोजगार हमीसाठी आपण १९७५ मध्ये व्यवसाय कर सुरू केला होता. नुसत्या वाढीव १४,००० कोटींचे २ टक्के धरले तरी २८० कोटी होतात, म्हणजे ३६ जिल्ह्यांत प्रत्येकी साडेसात कोटींहून जास्त. एवढं तरी कायद्याने बांधून द्यावं, असं माझं मत.

पळस

मी गडचिरोलीची. तुमची कळकळ समजते दादा, पण माझा ठाम विरोध आहे.

आमच्याकडे १९९३ पासून दारूबंदी आहे आणि ती वरून लादलेली नव्हती, लोकांनी लढून मिळवली. २०१६ पासून मुक्तिपथ या व्यसनमुक्ती कार्यक्रमाचं काम सुरू झालं. त्यात दारू आणि तंबाखू दोन्ही एकत्र धरले, जिल्हाधिकाऱ्यांची समिती, गावोगावी संघटना, तालुक्याला क्लिनिक. विक्री थांबवणं, माणसांना समजावणं आणि उपचार हे तिन्ही एका छत्राखाली आले. गावातली दारू गाळणारी भट्टी बायकांनी एकदा बंद पाडली, की पुढच्या दहा घरांतली पोरं वाचतात. याला तुम्ही प्रतिबंध म्हणणार की नाही?

आता तुमचा निधी बघा. दारू जास्त खपली की निधी वाढणार. मग त्या निधीवर पगार घेणारा माणूस कोणत्या तोंडाने म्हणेल की गावात दुकान नको? उद्या एखाद्या गावाने आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करायला, मतदान घेतलं, तर "अहो, केंद्र याच पैशावर चालतं" असं सांगायला लोक पुढे येतील. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमाने मादक पेयांचं सेवन बंद करण्याचा प्रयत्न राज्याकडे सोपवलाय. ते कर्तव्य सर्वसाधारण तिजोरीतून पार पाडा. दारूवर अवलंबून राहून दारूशी लढता येत नाही.

घाटमाथा

ताई, मुद्दा मनाला लागला. पण तिजोरी तरी कुणावर अवलंबून आहे? चंद्रपूरची बंदी २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. उठवताना अवैध विक्रीबरोबर बुडालेल्या महसुलाचं कारणही पुढे होतं. तिजोरीला दारूची सवय आहेच. मी फक्त तिच्याकडून थोडं सोडवून घ्यायला बघतोय.

रुग्णमित्र

मी सोळा वर्षं व्यसनमुक्ती केंद्रात आहे. त्याआधी त्याच खाटेवर होतो. निधी कुठून यावा यावर तुम्ही दोघं बोलताय, मी तो कसा येतो ते सांगतो.

आमच्यासारखी केंद्रं अनुदानावर चालतात. मी आधी होतो त्या संस्थेत (नाव नको) एकदा हप्ता नऊ महिने अडकला. समुपदेशक मुलगी चांगली शिकलेली, तिने सहा महिने काढले आणि खासगी दवाखान्यात गेली. तिच्याकडचे सव्वीस पेशंट फॉलोअपला यायचे थांबले. नव्या माणसाला आपली कहाणी पहिल्यापासून सांगायला कुणी तयार नव्हतं. त्यातल्या किती जणांना पुन्हा स्लिप झाली, म्हणजे सुटलेली दारू परत लागली, ते मी मोजलंय, पण इथे लिहिणार नाही. म्हणून कुठल्या कराचा पैसा, यापेक्षा तो दर महिन्याच्या पाच तारखेला येतो का, हे मला मोठं वाटतं.

२०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या ३८ माणसांमागे एकालाच कसलीतरी मदत मिळाल्याचं आलंय. उरलेले ३७ कुठे जातात? काही देवाची माळ घालतात, ते बरंच. काहींना घरचे रात्री गाडीत घालून असल्या जागी नेतात जिथे कुलूप आणि पट्टा हाच उपचार असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा केंद्रांची नोंदणी सक्तीची केली, पण तपासायला जाणारी माणसं मोजकीच.

आणि पळसताई, बंदी असलेल्या गावातल्या माणसाची दारू अचानक तुटली तर दोन-तीन दिवसांत त्याला फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जातो. भट्टी बंद पाडायला जाल त्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यात गोळ्या आणि डॉक्टर दोन्ही आहेत ना, हे बघून जा.

जमाखर्च

लेखा विभागातून निवृत्त झालोय, म्हणून हिशेबाचं बोलतो. व्यवसाय कराचं उदाहरण अर्धंच सांगितलंय.

रोजगार हमीला पैसा मिळत राहिला तो केवळ कर बांधला होता म्हणून नव्हे. १९७७ च्या कायद्याने मजुराला काम मागायचा हक्क दिला. पंधरा दिवसांत काम नाही दिलं तर भत्ता देणं सरकारवर आलं. मागणी खालून रेटत होती, म्हणून पैसा वरून सुटत होता. ज्या निधीला असा मागणारा नाही, तो जमतो आणि पडून राहतो. शेवटी वित्त विभाग विचारतो, खर्च होत नाही तर कशाला हवा? मी असे निधी कागदावर पाहिलेत.

केरळने २०१६ मध्ये व्यसनांविरुद्ध विमुक्ती मिशन काढलं ते उत्पादन शुल्क खात्याकडेच ठेवलं. पैसा गोळा करणाऱ्यावरच जबाबदारी टाकली. ते खातं कर वाढवेल की व्यसन घटवेल, ही शंका मलाही आहे. पण निदान "हे आमच्याकडे येत नाही" असं तिथे कुणी म्हणू शकत नाही.

आणि हक्क नवा आणायची गरज नाही. रुग्णमित्र म्हणतात त्याच २०१७ च्या कायद्याच्या व्याख्येत दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक आजार येतात. कलम १८ प्रमाणे किमान सेवा जिल्ह्यात नसेल, तर त्याच जिल्ह्यात दुसरीकडे घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने द्यायचा आहे. या कलमाखाली अर्ज येऊ द्या, मग २ टक्क्यांची मागणी आपोआप होईल.

घाटमाथा

काका, हे मी धाग्यात घ्यायला हवं होतं. हक्काशिवाय नुसता निधी अपुरा, मान्य. पण उपचाराचा हक्क मागता येतो. आठवीतल्या पोराला पहिली पुडी मिळू नये, याचा अर्ज कोण करणार? प्रतिबंधासाठी तरी बांधलेला पैसा लागेलच.

पळस

आणि उपचाराचा तरी कोण करणार? रोजगार हमीचे मजूर मोर्चाने आले, पोट होतं आणि काम मागण्यात लाज नव्हती. पिणारा म्हणतो मला काही झालेलं नाही. बायको शेजारणीलाही सांगत नाही. हा अर्ज ग्रामसभेला करता यायला हवा, गावाच्या नावाने.

रुग्णमित्र

ताई, याला माझा पाठिंबा. आमच्याकडे गुरुवारी पत्नींचा गट असतो. एक बाई दोन एस.टी. बदलून येते, घरी सांगते बाजाराला जाते म्हणून. जाताना खरंच भाजी घेऊन जाते, पिशवी रिकामी दिसायला नको. तिला कलम १८ चा अर्ज दिला तर त्यावर पत्ता कुठला लिहायचा, हे ती आधी विचारेल.