शब्दचर्चा : ‘नासाके वा हितो नो तामे नाराझु’ या जपानी म्हणीचा नेमका अर्थ

विचारणा :
जपानी शिकताना ‘नासाके वा हितो नो तामे नाराझु’ ही म्हण वाचनात आली. एका वहीत तिचा अर्थ ‘दुसऱ्यावर दया केल्याने त्याचे भले होत नाही’ असा दिला आहे, तर शब्दकोशात नेमका उलट अर्थ सापडतो. यांपैकी कोणता अर्थ ग्राह्य मानावा आणि मराठीत तिच्या जागी ‘पेरावे तसे उगवते’ ही म्हण वापरता येईल काय?

प्रतिसाद :
शब्दकोशातील अर्थच मूळचा आहे. मात्र आपल्या वहीतील अर्थ लिहिणारा माणूस एकटा नाही. जपानच्या सांस्कृतिक व्यवहार खात्यातर्फे दरवर्षी राष्ट्रभाषेविषयी लोकमताची पाहणी होते. तिच्या 2010 या वर्षाच्या फेरीत ‘केलेली दया फिरून आपल्याकडेच येते’ हा मूळ अर्थ 45.8 टक्के लोकांनी सांगितला आणि ‘दया केल्याने त्या माणसाचे भले होत नाही’ हा अर्थ 45.7 टक्के लोकांनी. ज्यांची ती मातृभाषा आहे त्यांच्यातच अशी सरळ दुफळी असेल, तर शिकणाऱ्याचा गोंधळ होण्यात नवल नाही.

हा घोटाळा व्याकरणातून निर्माण झाला आहे. ‘नासाके’ म्हणजे दया, ‘हितो’ म्हणजे माणूस किंवा परका, आणि ‘तामे’ म्हणजे साठी, हितार्थ. शेवटचे ‘नाराझु’ हे जुन्या भाषेतील ‘नारि’ या रूपाचे नकारार्थी रूप असून त्याचा अर्थ ‘नव्हे’ एवढाच आहे. म्हणजे अक्षरशः ‘दया ही परक्यासाठी नव्हे’. ती अखेर करणाऱ्याच्याच कामी येते, हे पुढचे वाक्य ऐकणाऱ्याने मनात पुरे करायचे असते. आजच्या बोलीत ‘तामे नि नारु’ म्हणजे हिताचे ठरणे आणि ‘तामे नि नारानाइ’ म्हणजे हिताचे न ठरणे. जुने ‘नाराझु’ कानावर पडताच आजचा जपानी माणूस नकळत हे ‘नारानाइ’ ऐकतो आणि म्हणीत नसलेला ‘नि’ हा प्रत्यय मनानेच घालून घेतो. मराठीत ‘नव्हे’ आणि ‘होत नाही’ ही दोन रूपे अजून वेगळी राहिली आहेत, त्यामुळे ‘ते त्याच्या हितासाठी नव्हे’ आणि ‘ते त्याच्या हिताचे होत नाही’ यांतील अंतर आपल्याला समजावून सांगावे लागत नाही.

असे असले तरी केवळ व्याकरणाने या चुकीचा पूर्ण उलगडा होत नाही, असे माझे मत आहे. फाजील मदतीने माणूस पांगळा होतो, हा विचार लोकांना पटण्याजोगा आहे, आणि पटणारा अर्थ जुन्या शब्दांत शिरायला वेळ लागत नाही.

‘पेरावे तसे उगवते’ ही म्हण येथे चालणार नाही, कारण तिच्यात बऱ्याबरोबर वाईट कर्माचेही फळ येते आणि बहुधा ती दूषण देतानाच उच्चारली जाते. तिच्या जवळची जपानी उक्ती ‘जिगो जितोकु’ ही आहे. त्यातील ‘गो’ म्हणजे बौद्ध परंपरेतून तेथे पोहोचलेले आपलेच ‘कर्म’. प्रस्तुत म्हण मात्र फक्त दयेविषयी बोलते. भाषांतर करताना ‘नासाके’साठी ‘उपकार’ हा शब्दही टाळावा, असे सुचवितो; मराठीत उपकाराला फेडीची अपेक्षा चिकटलेली असते आणि त्या ओझ्यासाठी जपानीत ‘ओन’ हा वेगळा शब्द आहे.

दुसरा प्रतिसाद :
वरील विवेचनाला पुरवणी म्हणून आणखी एक उदाहरण देतो. ‘इनु मो आरुकेबा बो नि आतारु’, म्हणजे ‘कुत्राही हिंडला की काठीला आदळतो’, ही म्हण एदोच्या, म्हणजे आजच्या तोक्योच्या, इरोहा कारुता या पत्त्यांच्या खेळात पहिल्याच पत्त्यावर येते. नसत्या उठाठेवी केल्या की तडाखा बसतो, हा तिचा जुना अर्थ. घराबाहेर पडून काही करीत राहिले तर अनपेक्षित लाभ होतो, हा नंतरचा. आजचे शब्दकोश दोन्ही अर्थ नोंदवितात. ‘आतारु’ या क्रियापदाचा अर्थ आदळणे असाही होतो आणि सोडत लागणे असाही, त्यामुळे दुसरा अर्थ रुळणे सोपे गेले असावे. येथे तर कोणी कोणाला चूकही म्हणत नाही.

उलट काही म्हणी मराठीत जशाच्या तशा उतरतात. ‘उमा नो मिमि नि नेन्बुत्सु’, अर्थात घोड्याच्या कानात अमिताभ बुद्धाचे नामस्मरण, हिला ‘गाढवापुढे वाचली गीता’ हा अगदी चपखल पर्याय आहे. ‘नेको नि कोबान’, म्हणजे मांजरापुढे सोन्याची मोहोर, हीदेखील अनेक जण याच म्हणीत बसवितात. ते मला मान्य नाही. तेथे प्रश्न ऐकण्याचा नसून किंमत कळण्याचा आहे, म्हणून ‘गाढवाला गुळाची चव काय’ ही म्हण अधिक जवळची आहे.

विचारणाऱ्याचा पुढील प्रश्न :
आपणा दोघांचाही आभारी आहे. ‘इशि नो उए नि मो सान्नेन’ या म्हणीचाही असाच अर्थबदल झाला आहे काय?

प्रतिसाद :
अर्थ बदललेला नाही, वापर अरुंद झाला आहे. शब्दशः ‘दगडावरसुद्धा तीन वर्षे’: थंड दगडावरही पुरेसा काळ बसून राहिले तर तो उबदार होतो, म्हणून चिकाटी सोडू नये. यातील तीन हा आकडा ‘दीर्घ काळ’ एवढेच सुचवितो. परंतु नव्याने नोकरीला लागलेल्या तरुणाला ही म्हण ऐकविली जाते तेव्हा तो आकडा पुष्कळदा अक्षरशः घेतला जातो, आणि पहिली तीन वर्षे नोकरी सोडू नये असा तिचा नियम होऊन बसतो. काम त्रासदायक असले तरी तेथेच टिकून राहावे काय, असा आक्षेप तरुण जपानी घेतात तो याच वापरावर, म्हणीच्या मूळ आशयावर नव्हे. मराठीत ‘थेंबे थेंबे तळे साचे’ ही म्हण तिच्यासाठी सुचविली जाते, पण तीत साठविण्याची कल्पना आहे, सोसण्याची नाही. ‘टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही’ हिच्यात सोसणे आहे, मात्र घाव घालणारा दुसरा कोणीतरी आहे. त्यामुळे भाषांतरात ‘दगडावरसुद्धा तीन वर्षे’ असेच ठेवून पहिल्या वेळी एका वाक्यात अर्थ द्यावा, असे मी म्हणेन.