मदत हवी आहे: मुलगा बाबांकडे जायला नाही म्हणतो, पण शब्द माझ्या आईचे आहेत

नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, पहिल्यांदाच लिहितेय.

दोन वर्षांपूर्वी संमतीने घटस्फोट झाला. मुलगा आठ वर्षांचा, ताबा माझ्याकडे. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी तो बाबांकडे जातो, म्हणजे जायचा. मी पुण्यात आईकडे राहते. घरी यायला साडेसात होतात, तोवर त्याचं सगळं आईच बघते.

गेले चार महिने शुक्रवारी रात्री त्याचं पोट दुखतं. डॉक्टरांना दाखवलं, काही निघालं नाही. शनिवारी बाबांची गाडी खाली आली की हा पलंगाखाली. एकदा म्हणाला, "त्यांनी आपल्याला रस्त्यावर आणलं." आम्ही रस्त्यावर कधीच आलो नव्हतो. वाक्य आईचं, हेलसुद्धा तिचाच. ती मावशीशी फोनवर 'तो माणूस' असं बोलते तेव्हा हा शेजारीच चित्रं काढत असतो.

परवा चपलांचं कपाट आवरताना पावसाळी बुटात कोंबलेली रंगपेटी सापडली. बाबांनी दिवाळीत दिलेली. निळी वडी पार तळाला गेलेली. "आजी बघेल म्हणून," एवढंच म्हणाला आणि माझ्याकडे बघेना.

खरं सांगते, पहिल्यांदा तो जायला नाही म्हणाला तेव्हा मला आतून बरं वाटलं होतं. (लिहितानाही लाज वाटतेय.) तिकडून आला की 'कोण होतं घरी, काय खाल्लं' ही उलटतपासणी माझीच. तेव्हा सगळं आईवर ढकलता येणार नाही.

'पेरेंटल एलिअनेशन'बद्दल, म्हणजे एका पालकाने मुलाचं मन दुसऱ्याविरुद्ध वळवण्याबद्दल, वाचलं. १९८५ मध्ये अमेरिकेतल्या रिचर्ड गार्डनर यांनी त्याला सिंड्रोम म्हटलं, पण डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत, तो आजार म्हणून नाही. त्या वादात मला पडायचं नाही. आमच्याकडे मारहाण, व्यसन असलं काही नव्हतं. असतं तर मुलाची भीती खरी धरली असती.

आईशी कसं बोलू? विषय काढला की "मग शोध पाळणाघर" असं ऐकावं लागतं. समुपदेशकाकडे त्याला एकट्याला न्यावं की आम्हीही जावं? आणि बाबांना हे सांगितलं तर उद्या कोर्टात माझ्याविरुद्ध वापरतील का?

प्रतिसाद:
ताई, मी कौटुंबिक न्यायालयात वकिली करते. भीती अगदीच निराधार नाही. २०१७ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने याच एलिअनेशनच्या मुद्द्याची दखल घेऊन वडिलांकडे वाढलेल्या मुलीचा ताबा आईला दिला होता. पण भेटी बंद पडू देणं जास्त महागात पडतं. तुम्ही स्वतःहून त्या सुरू केल्यात तर ते तुमच्याच बाजूने बोलेल. मधल्या दिवसांत व्हिडिओ कॉल ठेवा, २०२० च्या निकालात न्यायालयाने त्यावरही भर दिला आहे. समुपदेशकाकडे आधी तुम्ही दोघं आई-बाबा जा, मुलाला नंतर. त्याला "कोण आवडतं" हे कुणीही विचारू नका. आईंना कायदा सांगू नका, रंगपेटी दाखवा.

धागाकर्ती:
धन्यवाद. काल रात्री पेटी टीव्हीशेजारी ठेवली. आईने पाहिली, काही बोलली नाही. सकाळी पेटीशेजारी पाण्याची वाटी होती. कुणी ठेवली ते मी विचारलं नाही. चौथा शनिवार परवा आहे.