मदत हवी आहे: बॅटरी पहाटेपर्यंत पुरत नाही, सोलरला छोटी पवनचक्की जोडू का?

मंडळी, गच्चीवर ३३० वॉटची ४ पॅनेल आहेत, चारही पॅरललमध्ये (व्होल्टेज तोच, करंटची बेरीज). २४ व्होल्ट, १५० एएचची (अँपिअर-तास) लेड-ॲसिड बॅटरी बँक आणि साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर, म्हणजे पॅनेलमधून बॅटरीत जाणारं चार्जिंग सांभाळणारा डबा. दिवसभर सगळं मजेत चालतं, पण पहाटे चारच्या सुमारास इन्व्हर्टर कुंई कुंई करून मान टाकतो. लोड काय तर फ्रिज, दोन पंखे, राउटर, एखादा दिवा.

डोक्यात आलं, रात्री ऊन नसलं तरी वारा असतोच. १००० वॉटची एक पवनचक्की बघून ठेवली आहे. पात्यांचा व्यास १.२ मीटर, रेटिंग १२ मीटर प्रति सेकंद वाऱ्याला. इथे सरासरी वारा ४ मीटरचा. पाण्याच्या टाकीशेजारी खांब ठोकून बसवावी म्हणतो.

आणखी एक कोडं. टाकीच्या पाईपची सावली सकाळी एका पॅनेलच्या कडेवर पडते, जेमतेम वीतभर. क्लॅम्प मीटर घेऊन उभा राहिलो: सावली असताना २१ अँपिअर, ती सरकली की पाच मिनिटांत २८. एवढ्याशा सावलीने ७ अँपिअर? भर दुपारीही आकडा ३४ च्या वर जात नाही, म्हणजे २६.५ व्होल्टला ९०० वॉट. बाकीचे ४०० कुठे मुरतात?

प्रतिसाद:
पवनचक्कीचे पैसे वाचवा. १.२ मीटर व्यास म्हणजे १.१३ चौरस मीटरचं वर्तुळ. १२ मीटरच्या वाऱ्यात त्यातून मुळात १२०० वॉटच वाहतात आणि बेट्झच्या मर्यादेनुसार त्यातले ५९.३ टक्क्यांच्या वर कुठलंच पातं काढू शकत नाही. झाले ७१०, तेही कागदावर. हजार कुठून आले ते छापणाऱ्यालाच ठाऊक!

वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे बदलते. तुमच्याकडे सरासरी ४ मीटर, म्हणजे १२ चा तिसरा हिस्सा; वेग तिसरा हिस्सा झाला की शक्ती २७ पट कमी, म्हणजे ४४ वॉट. हाती लागतील १३-१४. मधूनमधून येणारे जोरदार झोत धरून दुप्पट म्हणा. त्यात टाकीच्या आडोशाला वारा घुसळलेला असणार आणि खांबाची थरथर स्लॅबमधून खाली झोपायच्या खोलीत.

प्रतिसाद:
सावलीचं कोडं सोपं आहे. पॅनेलमध्ये सेल सिरीजमध्ये (एकामागोमाग एक, व्होल्टेजची बेरीज) असतात आणि त्यांचे साधारण तीन गट, प्रत्येकाला बायपास डायोड. एक गट झाकला की डायोड त्याला वळसा घालतो आणि पॅनेलचा व्होल्टेज ३७ वरून २४ च्या आसपास येतो. बॅटरी २६.५ वर बसलेली, मग ते पॅनेल तिच्यात करंट ढकलणार कसं? चारातलं एक गेलं: २८ चे २१.

उरलेले ४०० पीडब्ल्यूएमने आणि उन्हाने खाल्ले. पीडब्ल्यूएम पॅनेलला ओढून बॅटरीच्या व्होल्टेजवर आणतो, वरचा व्होल्टेज वाया. एमपीपीटी, म्हणजे तो वरचा व्होल्टेजही कामी लावणारा कंट्रोलर, लावलात तर दुपारी १०५० ते ११०० दिसतील. पूर्ण १३२० नाही, कारण ३३० हा आकडा सेल २५ अंशांवर असतानाचा. तापलेल्या गच्चीवर ते सहज ६० च्या पुढे जातात आणि दर अंशाला पॅनेलची पॉवर ०.४ टक्क्याने घटते.

पण आधी एक करा. रात्री सगळा लोड बंद करून इन्व्हर्टर नुसता चालू ठेवा आणि बॅटरीच्या वायरवर मीटर लावा.

धागाकर्ता:
लावला. काहीही चालू नसताना १.६ अँपिअर! २५ व्होल्टला ४० वॉट, १४ तासांत ५६० वॉट-तास. लेड-ॲसिड अर्ध्याखाली उतरवायची नाही म्हटलं तर वापरायला मिळतात १८००, त्यातला जवळजवळ तिसरा हिस्सा इन्व्हर्टरच गिळतोय. चक्की रद्द. राउटर आणि दिवा आता थेट डीसीवर घेतो आणि लहान इन्व्हर्टर बघतो. एमपीपीटी घेतला तर पॅनेल पॅरललच ठेवू की दोन-दोन सिरीज?

प्रतिसाद:
दोन-दोन सिरीज, वायर बारीक चालते. फक्त १०० व्होल्टवाला कंट्रोलर घेऊ नका. तुमच्या पॅनेलचा ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही जोडलेलं नसतानाचा) ४६ धरला तर दोघांचे ९२, आणि कडाक्याच्या थंडीत सकाळी तेच ९९ होतात. १५० वाला घ्या. आणि तो पाईप हलवा हो आधी, त्याला काय लागतंय!