स्कॉट कार्पेंटर परत अंतराळात का गेला नाही?

भटका_धूमकेतू: मर्क्युरी सेव्हनबद्दल, म्हणजे नासाच्या पहिल्या सात अंतराळवीरांबद्दल वाचतोय. ग्लेन, शेपर्डवर ढीगभर मिळतं, पण हा कार्पेंटर १९६२ला एकदाच वर गेला, ऑरोरा ७ मधून तीन फेऱ्या मारल्या आणि तीन वर्षांनी डायरेक्ट समुद्राच्या तळाशी राहायला?? काहीतरी घोळ घातला म्हणून नासाने बसवलं म्हणतात, खरंय का

जुनी_दुर्बीण: घोळ झाला होता. ग्लेनला खिडकीबाहेर चमकणारे कण दिसलेले, ते काय ते कुणाला कळत नव्हतं, याने आतून दार ठोकलं तर बाहेर भसाभस कण उडाले, म्हणजे यानाच्या अंगावर साठलेलं हिमच ते! पण या नादात परतीची तयारी मागे पडली, त्यात मॅन्युअल आणि ऑटोमॅटिक कंट्रोल एकदम चालू राहिल्याने इंधन उडालेलं. रेट्रोरॉकेट (वेग कमी करून यान खाली आणणारी रॉकेट्स) ३ सेकंद उशिरा पेटले, यान २५ अंश वळलेलं, उतरला ठरलेल्या जागेच्या ४०० किमी पुढे. मग तीनेक तास राफ्टमध्ये. फ्लाइट डायरेक्टर क्राफ्ट जाम भडकले, याला परत उडू देणार नाही म्हणाले.

खारा_वारा: सगळं खापर त्याच्यावरच का? क्षितिज बघून यानाची दिशा ठरवणारा सेन्सर चुकीचं दाखवत होता, शेवटी पठ्ठ्याने खिडकीतून बघून हाताने यान आणलं. मुळात ही फ्लाइट त्या सातातल्याच स्लेटनची, त्याच्या हृदयाच्या ठोक्यांमुळे डॉक्टरांनी त्याला थांबवलं म्हणून हा गेला. आणि १९६४ला सीलॅबच्या (अमेरिकन नेव्हीचं समुद्रतळावरचं राहायचं घर) कामासाठी बर्म्युडात असताना मोटरसायकलवरून पडून हात मोडला, ऑपरेशन करूनही नीट झाला नाही. क्राफ्टने माफ केलं असतं तरी मेडिकलमध्ये अडकलाच असता.

पाणबुड्या: मला विचाराल तर याचं खरं काम पाण्यातलं. सीलॅब टू, १९६५, कॅलिफोर्नियात ला होया जवळ, ६२ मीटर खोल. बाकीच्या टीम १५ दिवसांनी बदलल्या, हा जवळजवळ महिना तिथेच. बाहेर गारठवणारं पाणी, घर उतारावर तिरकं बसलेलं, त्यात एका विषारी माशाने बोटाला डंख मारला. तिथून अंतराळात जेमिनी ५ यानात असलेल्या कूपरशी गप्पा मारल्या, एक वर एक खाली! वर आल्यावर प्रेसिडेंट जॉन्सनशी फोनवर बोलला ते श्वासाच्या गॅसमधल्या हेलियममुळे बदकासारख्या आवाजात 😂

भटका_धूमकेतू: भारी! पण सलग महिना कशाला, रोज वर येऊन परत जाता येत नव्हतं?

पाणबुड्या: तीच तर गंमत. तिथे प्रेशर सातपट, श्वासातला गॅस अंगात मुरतो आणि पटकन वर आलास तर त्याचे बुडबुडे होऊन जीव जाऊ शकतो. पण एकदा अंग पूर्ण मुरलं की मग चार दिवस राहा नाहीतर महिना, प्रेशर उतरवायला वेळ तेवढाच, एका दिवसाहून जास्त. म्हणून रोज ये-जा करण्यापेक्षा खालीच घर थाटायचं.