टार्टारिक आम्ल: रेसेमिक रूपाचा द्रवणांक जास्त कसा?

प्रश्न
एनॅन्शिओमरच्या (एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असलेल्या डाव्या-उजव्या रेणूंच्या) जोडीचे द्रवणांक, घनता, विद्राव्यता हे गुणधर्म सारखे असतात आणि ध्रुवित प्रकाशाचे प्रतल कोणत्या दिशेला वळते एवढाच फरक असतो, असे आमच्या बी.एस्सी.च्या पुस्तकात आहे. तसे असेल तर दोन्ही समप्रमाणात मिसळल्यावरही द्रवणांक तोच यायला हवा. तक्त्यात मात्र शुद्ध (एकाच एनॅन्शिओमरच्या) टार्टारिक आम्लासाठी सुमारे १७० अंश सेल्सिअस आणि रेसेमिक, म्हणजे दोन्हींच्या समप्रमाणातल्या, आम्लासाठी २०६ अंश दिले आहेत. ही छपाईची चूक आहे का?

उत्तर १
चूक नाही. द्रवणांक एकट्या रेणूचा नसतो, तो स्फटिकाचा असतो. फक्त उजव्या रेणूंचा स्फटिक आणि फक्त डाव्या रेणूंचा स्फटिक एकमेकांच्या आरशातील प्रतिमा असतात, त्यामुळे त्यांतील अंतरे व हायड्रोजन बंध सारखेच राहतात. रेसेमिक आम्लात मात्र डावे-उजवे रेणू एकाच जालकात ठरावीक क्रमाने बसतात आणि ती रचना अधिक घट्ट असते. २० अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात शुद्ध आम्ल सुमारे १३९ ग्रॅम विरघळते, तर रेसेमिक जेमतेम २१ ग्रॅम, यावरूनही हे दिसते. आयब्युप्रोफेन या वेदनाशामकाचेही असेच आहे: शुद्ध एनॅन्शिओमर ५०च्या थोडे पुढे वितळतो, तर रेसेमिक रूप ७५ अंशांच्या पुढे.

उत्तर २
यावरून रेसेमिक म्हणजे द्रवणांक वरच, असा ग्रह होऊ नये. काही पदार्थांत डावे आणि उजवे रेणू आपापले वेगळे स्फटिक करतात; तेव्हा एक दुसऱ्याला अशुद्धीसारखा ठरतो आणि मिश्रण शुद्ध रूपापेक्षा आधीच वितळते. १८४८ साली लुई पाश्चर यांनी सोडियम अमोनियम टार्टरेटचे डावे-उजवे स्फटिक निवडून वेगळे केले, ते यामुळेच शक्य झाले. हे क्षार सुमारे २७ अंशांखालीच असे वेगळे स्फटिक देते, म्हणजे मुंबईच्या मे महिन्यात हा प्रयोग बहुधा फसलाच असता.

प्रश्नकर्ता
आभार. मग रेसेमिकप्रमाणे मेसो टार्टारिक आम्लही (या आम्लाचे तिसरे रूप) प्रकाश वळवत नाही, तर ते रेसेमिकच मानायचे का?

उत्तर १
नाही. मेसो हा एकच रेणू आहे आणि तो इतर दोघांचा (डाव्या आणि उजव्या रेणूंचा) डायस्टेरिओमर आहे, म्हणजे अणूंची जोडणी तीच पण आरशातील प्रतिमा नसलेला. त्याच्यातील गटांची परस्परांपासूनची अंतरेच निराळी असल्याने तो १४० अंशांच्या आसपास वितळतो. रेसेमिक आम्ल पाण्यात विरघळले की डाव्या-उजव्याची स्फटिकातील जोडी सुटते आणि तो फरक उरत नाही; मेसोचे वेगळेपण द्रावणातही टिकते, त्याची आम्लताही थोडी कमी असते.