करंजाच्या पानांवरचे फोड

करंजाच्या पानांवर फोड आलेत, झाड रोगट झालंय, तोडावं का, असं तुम्ही विचारलंत. कृपा करून तोडू नका! हे काम इरिओफाइड कोळ्याचं (जाळं विणणारा कोळी नव्हे, हा माइट), नारळावर पडतो त्याच्याच कुळातल्या. जेमतेम ०.२ मिलिमीटरचा, अळीसारखा लांबुळका जीव. इतर कोळ्यांना आठ पाय, याला चारच. हा कोवळ्या पानातला रस शोषतो, तिथल्या पेशी बेसुमार वाढतात आणि बोटासारखी गाठ उभी राहते. म्हणजे घर झाडानंच बांधलेलं, राहतो हा. पसरतो वाऱ्यावर. रंकाळ्याजवळ आमच्या दारातलं करंजाचं झाड कैक वर्षं असंच फोडांनी भरतं, तरी फुलतं, शेंगा धरतं. कोळी गाठीच्या आत असल्यामुळं फवारा त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. फारच वाटलं तर तेवढ्या डहाळ्या छाटा.