विली नेल्सन आणि ‘स्टारडस्ट’ची निवड
स्वतःचं सुचेनासं झालं की गायक जुन्या गाण्यांकडे वळतो, असं काही जण म्हणतात; हे मत मला अजिबात पटत नाही. अमेरिकी गायक विली नेल्सनचा १९७८ चा ‘स्टारडस्ट’ हा अल्बम घ्या. कंट्री संगीतात (अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेला प्रकार) त्याचं नाव तेव्हा जोरात होतं, स्वतःची गाणी लिहिणंही थांबलं नव्हतं. तरी त्याने लहानपणापासून आवडणारी जुनी लोकप्रिय गाणी निवडली. रेकॉर्ड कंपनीला धाकधूक होती. विलीचा हिशेब सरळ होता: तरुणांना ही गाणी नवीन वाटतील, मोठ्यांना आठवणीतली. अल्बमचा निर्माता बुकर टी. जोन्सने वाद्यमेळ अगदी मोजका ठेवला, त्यामुळे शब्द स्वच्छ पोचतात. ‘जॉर्जिया ऑन माय माइंड’ तर गायक रे चार्ल्सने आधीच गाजवलेलं! तेही विलीने किती शांतपणे आपलंसं केलंय, जरूर ऐका.